उद्दीपक समतुल्यतेचा पहिला प्रयोग: प्रशिक्षण आणि चाचणी कशी रचायची

अ१ हे चिन्ह दिसलं की ब१ निवडायचं, ब१ दिसलं की क१ निवडायचं. एखाद्याला एवढंच शिकवलं. नंतर त्याच्यासमोर क१ ठेवलं, तर कुणी न शिकवता त्याने अ१ वर बोट ठेवलं. म्हणजे ही तीन चिन्हं त्याच्या लेखी एकमेकांच्या जागी चालणारी झाली. यालाच उद्दीपक समतुल्यता म्हणतात.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मरे सिडमन यांनी १९७१ साली तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या १७ वर्षांच्या एका मुलाबरोबर हे दाखवून दिलं. त्या मुलाला २० शब्द ऐकून त्यांची चित्रं दाखवता येत होती आणि चित्रं पाहून नावं सांगता येत होती, पण छापलेले शब्द वाचता येत नव्हते. त्याला फक्त ऐकलेला शब्द आणि छापलेला शब्द यांची जोडी शिकवली गेली. त्यानंतर छापलेला शब्द पाहून चित्र दाखवणं आणि तो शब्द मोठ्याने वाचणं ही दोन्ही कौशल्यं वेगळी न शिकवताच आली. पुढे १९८२ साली सिडमन आणि टेल्बी यांनी गट बनला की नाही हे ठरवण्यासाठी तीन कसोट्या मांडल्या: परावर्तिता (अ१ ला अ१ च), सममिती (अ१–ब१ शिकवलं तर ब१–अ१ आपोआप) आणि संक्रमिता (अ१–ब१, ब१–क१ वरून अ१–क१). क१–अ१ या उलट फेरीत सममिती आणि संक्रमिता दोन्ही लागतात, म्हणून तिला सहसा समतुल्यता चाचणी म्हणतात.

हे वाचून नवखा अभ्यासक प्रयोग करायला बसतो आणि दहातले सात जण चाचणीत अडकले की गोंधळून जातो. सहभागींचं लक्ष नव्हतं, असा निष्कर्ष काढून मोकळं होणं सोपं असतं. पण तेच सहभागी, तीच चिन्हं आणि तेवढंच शिकवणं ठेवून फक्त जोड्या शिकवण्याची दिशा, चाचणीचा क्रम किंवा पर्यायांची संख्या बदलली तरी निकाल पार बदलू शकतो. त्यामुळे यातली प्रत्येक गोष्ट ठरवून करायची. कशी, ते पुढे क्रमाने दिलं आहे.

शब्दांबद्दल थोडं. एकमेकांच्या जागी चालणारी चिन्हं म्हणजे एक गट. अक्षरापुढचा आकडा गटाचा: अ१, ब१, क१ एका गटात, अ२, ब२, क२ दुसऱ्यात. पडद्यावर आधी येतं ते चिन्ह म्हणजे नमुना. त्यानंतर निवडायला येतात ते पर्याय. एकदा नमुना दाखवून एकदा निवड करून घेणं ही एक फेरी. ठरावीक फेऱ्यांचा संच म्हणजे ब्लॉक. थेट शिकवलेल्या जोड्यांना पाया म्हणू. दोन चिन्हांना जोडणारं मधलं चिन्ह म्हणजे सांधा; वरच्या उदाहरणात ब१ हा सांधा आहे.

हाताशी काय हवं

- लेखी संमतीपत्र; अल्पवयीन किंवा स्वतः संमती देऊ न शकणाऱ्या सहभागींसाठी पालकांची संमती आणि सहभागीचा होकारही
- तुमच्या संस्थेच्या नीतिसमितीची मंजुरी
- नमुना-जुळवणीच्या फेऱ्या चालवणारा प्रोग्रॅम (सायकोपाय मोफत आहे आणि या कामाला पुरतं)
- प्रत्येक फेरीची नोंद: नमुना, तिन्ही पर्याय आणि त्यांच्या जागा, निवड, लागलेला वेळ, फीडबॅक दिला की नाही
- चिन्हांचे दोन संच: एक प्रयोगासाठी, एक राखीव
- सगळी चिन्हं छापलेले पत्ते
- सूचनांचा छापील मजकूर

नोंदीच्या बाबतीत हयगय नको. 'बरोबर' की 'चूक' एवढंच साठवणारा प्रोग्रॅम निरुपयोगी. चुकीच्या वेळी नेमकं काय निवडलं, हे शेवटी सर्वांत जास्त उपयोगी पडतं.

१. आधी आकडेमोड करा

किती गट आणि प्रत्येकात किती चिन्हं हे ठरवून फेऱ्यांचे प्रकार मोजा. एका गटात ३ चिन्हं असतील तर शिकवायच्या जोड्या २ आणि दोन्ही दिशा धरून एकूण संबंध ६. असे तीन गट म्हणजे १८ प्रकार: ६ शिकवलेले, १२ आपोआप यायचे.

५ चिन्हांच्या गटात शिकवायच्या जोड्या ४, एकूण संबंध २०. तीन गटांचे ६० प्रकार, त्यातले फक्त १२ शिकवलेले. चाचणीत प्रत्येक प्रकार ३ वेळा दाखवायचा म्हटलं तरी १८० फेऱ्या होतात. पहिल्या प्रयोगासाठी ३ चिन्हांचे ३ गट पुरेसे आहेत. परावर्तिता अनेक अभ्यासक तपासतच नाहीत. तपासायची असेल तर तिच्या फेऱ्या वेगळ्या मोजा.

२. चिन्हं निवडा

सहभागीला आधीपासून माहीत नसलेली, एका आकाराची, एका रंगाची चिन्हं घ्या. अनोळखी लिपीतली अक्षरं चालतात, पण ती लिपी सहभागीला येत नाही ना हे विचारून घ्या. एका गटातली दोन चिन्हं दिसायला सारखी नकोत. दोन्ही गोलसर असतील तर सहभागी गोलाईवरून जुळवेल आणि ती तुम्हाला समतुल्यता वाटेल.

चिन्ह अर्थपूर्ण आहे की निरर्थक, याचा परिणाम फार मोठा असतो. लॅनी फील्ड्स, एरिक आर्न्ट्झेन आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना ५ चिन्हांचे ३ गट साखळी पद्धतीने (अ→ब, मग ब→क, असं पुढे) शिकवले. सगळी चिन्हं निरर्थक होती तेव्हा १० पैकी एकाचेही गट बनले नाहीत. फक्त मधल्या 'क' च्या जागी ओळखीची चित्रं ठेवली, तर १० पैकी ८ जणांचे बनले. शिकवणं तेच, चाचणी तीच.

यातून दोन गोष्टी घ्या. शिकवणं हाच हेतू असेल तर एक ओळखीचं चित्र गटाच्या मध्यभागी ठेवा. आणि परिस्थितींची, म्हणजे प्रयोग घेण्याच्या दोन वेगळ्या पद्धतींची, तुलना करायची असेल तर चिन्हांचे संच फिरवते ठेवा: एका सहभागीला जो संच 'अ' म्हणून दिला तो पुढच्याला 'ब' म्हणून द्या. नाहीतर एखादं लक्षात राहणारं चिन्ह नेमकं सांध्यावर बसतं आणि त्याचं श्रेय तुम्ही रचनेला देता.

मुख्य प्रशिक्षणाआधी फीडबॅक न देता एक छोटी पूर्वचाचणी घ्या. तीन पर्याय असतील तर निकाल ३३ टक्क्यांच्या आसपास यायला हवा. बराच वर आला तर चिन्हांत काहीतरी सूचक आहे.

३. पर्याय किमान तीन ठेवा

दोनच पर्याय ठेवणं ही नवख्यांची सर्वांत महागात पडणारी चूक. सिडमन यांनी याबद्दल आवर्जून सावध केलं आहे. एकतर आंधळेपणाने निवडलं तरी निम्मी उत्तरं बरोबर येतात. दुसरं कारण जास्त खोल आहे.

समजा नमुना अ१ आहे आणि पर्याय ब१, ब२. सहभागी ब१ निवडतो. तुम्हाला वाटतं, तो 'अ१ म्हणजे ब१' शिकला. पण त्याने कदाचित 'अ१ असेल तर ब२ नको' एवढंच धरून ठेवलं असेल. पडद्यावर दोन्ही सारखंच दिसतं आणि प्रशिक्षणात त्याला १०० टक्के मिळतात. पुढे ब२ नमुना असताना तो 'क१ नको' असं शिकतो. आता चाचणीत अ१ समोर क१ आणि क२ ठेवा. त्याच्या डोक्यातली साखळी अशी: अ१ ला ब२ नको, ब२ ला क१ नको. म्हणजे नाकारायच्या गोष्टी अ१–ब२–क१ अशा जोडल्या गेल्या. अ१ दिसलं की तो क१ नाकारतो, क२ निवडतो. तुमच्या तक्त्यात संक्रमिता शून्य टक्के.

याच सहभागीची सममिती मात्र व्यवस्थित येते. गटात ड हे चौथं चिन्ह असेल तर दोन सांधे असलेली अ–ड फेरीही बरोबर येते, कारण आणखी एक नकार जोडला की उत्तर पुन्हा सरळ होतं. परावर्तितेत तो नेमका वेगळा पर्याय निवडतो. असा विचित्र नकाशा दिसला तर कारण दोन पर्यायांत शोधा.

तीन पर्यायांत नुसत्या नकारावर भागत नाही. एक नाकारलं तरी दोन उरतात. लहान मुलांना एकदम तीन पर्याय जड जात असतील तर सुरुवातीच्या काही फेऱ्या दोनवर घ्या, पण निकष गाठण्याआधी तीनवर या.

पर्यायांच्या जागाही बघा. तीन पर्याय ६ प्रकारे मांडता येतात. बरोबर उत्तर प्रत्येक जागी सारख्याच वेळा यावं आणि सलग दोनपेक्षा जास्त वेळा एका जागी येऊ नये. हे नशिबावर सोडू नका. फेऱ्यांची यादी आधी तयार करा आणि तीच प्रोग्रॅमला द्या.

४. जोड्या शिकवण्याची रचना ठरवा

निकालावर सर्वांत जास्त परिणाम करणाऱ्या गोष्टींपैकी ही एक. मुख्य रचना तीन:

साखळी: अ→ब, ब→क. मधलं चिन्ह आधी पर्याय असतं, मग नमुना होतं.
एकाकडून अनेकांकडे: अ→ब, अ→क. नमुना नेहमी अ.
अनेकांकडून एकाकडे: ब→अ, क→अ. पर्याय नेहमी अ.

तिन्हींत तितक्याच जोड्या शिकवल्या जातात, मग फरक का पडतो? साँडर्स आणि ग्रीन यांनी १९९९ साली याचं उत्तर भेदांच्या हिशेबात शोधलं. प्रत्येक चिन्ह दुसऱ्या प्रत्येक चिन्हापासून वेगळं ओळखता आलं तरच चाचणी जमते. ३ गटांत ३ चिन्हं म्हणजे ९ चिन्हं आणि त्यांच्या ३६ जोड्या. प्रशिक्षणात यातल्या किती जोड्यांचा भेद करण्याची संधी मिळते ते मोजू.

अनेकांकडून एकाकडे या रचनेत ब आणि क मिळून ६ नमुने पाळीपाळीने येतात: त्यांच्या आपसातल्या १५ जोड्या. पर्याय म्हणून तिन्ही अ एकत्र दिसतात: ३ जोड्या. नमुना आणि पर्याय यांच्यातल्या १८. बेरीज ३६. काहीच उरत नाही.

एकाकडून अनेकांकडे या रचनेत अ च्या आपसातल्या ३, ब च्या ३, क च्या ३, अ–ब च्या ९ आणि अ–क च्या ९. बेरीज २७. ब आणि क यांच्यातल्या ९ जोड्या प्रशिक्षणात समोरासमोर येतच नाहीत आणि चाचणी नेमकी ब–क चीच असते. साखळीतही २७ च. तिथे अ–क राहून जातात. गट मोठा झाला की ही तूट वाढत जाते.

या हिशेबाने अनेकांकडून एकाकडे ही रचना सरस ठरायला हवी. बौद्धिक अक्षमता असलेल्या सहभागींबरोबर ती अनेकदा सरस ठरलीही आहे. भाषा येणाऱ्या प्रौढांच्या बाबतीत चित्र वेगळं आहे: आर्न्ट्झेन आणि होल्थ यांच्या प्रयोगांत एकाकडून अनेकांकडे ही रचना तितकीच किंवा जास्त चांगली चालली. साखळी मात्र जवळपास सगळीकडे मागे पडते. त्यामुळे शिकवण्यासाठी साखळी वापरू नका. बाकी दोन्हींतली निवड सहभागी कोण आहेत त्यावर करा.

यात तीन ठिकाणी पाय घसरतो.

पहिलं, ३६ चा हिशेब ब→अ आणि क→अ या फेऱ्या एकाच सत्रात मिसळल्या तरच लागू होतो. आज सगळे ब, उद्या सगळे क असं केलं तर ब आणि क यांच्यात भेद करण्याची गरजच पडत नाही आणि रचनेचा फायदा हातचा जातो.

दुसरं, निव्वळ संक्रमितेची चाचणी फक्त साखळीत शक्य आहे. बाकी दोन्ही रचनांत ब–क आणि क–ब या दोन्ही फेऱ्यांना सममितीही लागते. रचनांची तुलना करताना साखळीची अ–क फेरी दुसऱ्या रचनेच्या ब–क फेरीशेजारी ठेवली तर तुलनाच चुकते. साखळीची क–अ फेरी घ्या.

तिसरं, परिस्थितींची तुलना करायची तर अशी रचना निवडा की साधारण निम्म्या लोकांचे गट बनतील. सगळेच पास किंवा सगळेच नापास होत असतील तर तुमच्या बदलाचा परिणाम दिसायला जागाच उरत नाही. इथे साखळीचं 'अवघड' असणं कामी येतं.

५. क्रम ठरवा: टप्प्याटप्प्याने की सगळं एकदम

टप्प्याटप्प्याने: अ→ब शिकवा, लगेच ब–अ तपासा, ब→क शिकवा, क–ब तपासा, मग अ–क आणि शेवटी क–अ. एकदम: सगळा पाया शिकवून घ्या आणि सगळ्या चाचण्या शेवटी मिसळून द्या.

टप्प्याटप्प्याने गेलं की जास्त लोकांचे गट बनतात. कारण समजण्यासारखं आहे: सममितीच्या चाचणीत 'हे उलटंही चालतं' हे सहभागीला स्वतःला करून बघायला मिळतं आणि पुढच्या अवघड फेरीला लागणारा तुकडा तयार असतो. क्रम उलटा करून आधी क–अ तपासलं तर पहिल्या चाचणीत अडकणारे वाढतात.

म्हणजे चाचणी हीसुद्धा सहभागीला काहीतरी देत असते. शिकवणं हा हेतू असेल तर हे उत्तमच. पण 'निव्वळ प्रशिक्षणाने काय घडलं' हा प्रश्न असेल तर सगळ्या चाचण्या शेवटी घ्या आणि कमी यश येणार हे गृहीत धरा. दोन पद्धतींचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नका.

६. एका फेरीचं वेळापत्रक

मध्यभागी नमुना येतो. सहभागी त्यावर क्लिक करतो. ही क्लिक सक्तीची ठेवा, नाहीतर लोक नमुना न पाहताच पर्यायांकडे धावतात. मग पर्याय. निवड झाली की अर्धा ते एक सेकंद फीडबॅक, मग तेवढाच रिकामा पडदा.

प्रश्न असा की पर्याय आल्यावर नमुना पडद्यावर ठेवायचा की काढायचा? नमुना समोर असला तर पाया लवकर पक्का होतो. पण आर्न्ट्झेन यांच्या प्रयोगांत नमुना नाहीसा झाल्यावर काही सेकंदांनी पर्याय दाखवले, तेव्हा गट बनण्याचं प्रमाण बऱ्याचदा वाढलं. त्या रिकाम्या सेकंदांत सहभागी नमुना मनात धरून ठेवतो, बहुतेक वेळा त्याला काहीतरी नाव देतो. पहिल्या प्रयोगात ही गोष्ट बदलत बसू नका. एक ठरवा आणि प्रशिक्षणात व चाचणीत तीच ठेवा. प्रशिक्षणात नमुना समोर आणि चाचणीत गायब असं झालं तर नापास होण्याची दोन कारणं एकमेकांत मिसळतात.

७. निकष प्रत्येक जोडीला लावा

'९० टक्के आले की पुढे' हा निकष कागदावर चोख वाटतो. ५ चिन्हांच्या साखळीचा पाया बघा: १२ प्रकार, प्रत्येक ५ वेळा, एकूण ६० फेऱ्या. सहभागीने क२–ड२ ही जोडी पाचही वेळा चुकवली आणि बाकी सगळं बरोबर दिलं, तर ५५ बरोबर, म्हणजे ९१.७ टक्के. निकष पार! आणि चाचणीत त्या जोडीवरून जाणारा प्रत्येक संबंध कोसळतो.

म्हणून दोन अटी लावा: एकूण ९५ टक्के आणि कोणत्याही एका प्रकारात जास्तीत जास्त एक चूक. ३ चिन्हांच्या गटांसाठी ६ प्रकार ३ वेळा, म्हणजे १८ फेऱ्यांचा ब्लॉक सोयीचा. पण इथे १७ बरोबर म्हणजे ९४.४ टक्केच होतात, त्यामुळे ९५ चा निकष लावला तर एकही चूक चालत नाही. मग सलग दोन ब्लॉकमध्ये १८ पैकी किमान १७, असा नियम करा.

निकष गाठायला लागलेल्या फेऱ्या प्रत्येकाच्या लिहून ठेवा. एका परिस्थितीत ९० फेऱ्या आणि दुसरीत ३०० लागल्या असतील, तर चाचणीतला फरक निव्वळ सरावाचाही असू शकतो.

८. फीडबॅक हळूहळू काढा

प्रशिक्षणात प्रत्येक फेरीनंतर 'बरोबर' ऐकायची सवय झालेली असते. चाचणीत ते एकदम थांबलं की अनेकांना वाटतं आपलं चुकतंय, आणि ते चांगली चाललेली उत्तरं बदलायला लागतात. म्हणून पाया पक्का झाल्यावर फीडबॅक ७५ टक्के फेऱ्यांना, मग ५० टक्के, मग अजिबात नाही, असे ब्लॉक घ्या. प्रत्येक ब्लॉकमध्ये तोच निकष. घसरलं तर एक पायरी मागे. हा टप्पा गाळून वाचलेली दहा मिनिटं पुढे सगळा प्रयोग वाया घालवू शकतात.

९. सूचना लिहून द्या आणि तेवढ्याच द्या

असा मजकूर पुरतो:

"पडद्याच्या मध्यभागी एक चिन्ह दिसेल. त्यावर क्लिक करा. मग आणखी तीन चिन्हं दिसतील. त्यातलं एक निवडा. सुरुवातीला तुमचं उत्तर बरोबर की चूक ते सांगितलं जाईल. नंतर काही वेळ ते सांगितलं जाणार नाही. तेव्हाही आधी शिकलेल्याचा उपयोग करून उत्तरं देत राहा."

'गट', 'संबंध', 'एकमेकांशी जुळणारी' हे शब्द टाळा. ते आले की तुम्ही उत्तरच सांगितलं. चिन्हांना नावं द्यायलाही सुचवू नका. सहभागीने मध्येच "मी बरोबर करतोय का?" विचारलं तर ठरलेलं एकच वाक्य: "तुम्हाला योग्य वाटतं ते निवडत राहा."

१०. चाचणी

१८ प्रकार, प्रत्येक ६ वेळा, एकूण १०८ फेऱ्या. साखळी असेल तर ३६ पायाच्या, ३६ सममितीच्या, १८ संक्रमितेच्या, १८ समतुल्यतेच्या. प्रत्येक प्रकार फक्त ३ वेळा घेतला तर संक्रमितेच्या ९ च फेऱ्या राहतात आणि एक चूक झाली की ८८.९ टक्के, म्हणजे ९० च्या निकषाखाली. ६ वेळा घेतलं की एका चुकीला जागा राहते. फेरीला सहा सेकंद धरले तर सगळं अकरा मिनिटांत होतं.

१०८ फेऱ्या ५४–५४ च्या दोन सारख्या ब्लॉकमध्ये विभागा. पहिल्यात अडखळलेला सहभागी दुसऱ्यात कुणी काहीही न शिकवता सुधारतो, असं पुष्कळदा होतं. याला विलंबित उद्भव म्हणतात. दोन्ही ब्लॉकची सरासरी काढली तर हीच गोष्ट नजरेआड होते.

पायाच्या फेऱ्या चाचणीत मिसळायच्याच. पाया टिकला आहे हे दिसल्याशिवाय बाकी चाचणीतून काहीही सिद्ध होत नाही. एका फेरीतले तिन्ही पर्याय एकाच अक्षराचे असू द्या. अ१ सोबत क२ आणि ब३ ठेवलं तर सहभागी 'हे दोन इथे आगंतुक' एवढ्यावरून उत्तर काढतो.

नकळत जाणारा फीडबॅक शोधून बंद करा. बरोबर उत्तराला वेगळा क्लिकचा आवाज, चुकीनंतर जरा लांबलेला रिकामा पडदा, कोपऱ्यातला गुणांचा आकडा. तुमचा चेहराही यात येतो. सहभागीच्या मागे, त्याला न दिसता बसा.

शेवटी पत्ते द्या: "तुम्हाला योग्य वाटेल तसे लावा." किती ढीग करायचे ते सांगू नका. पत्ते लावणं पाच मिनिटांत होतं आणि गटांचं चित्र लगेच दिसतं. मात्र त्यातून दिशा कळत नाही, सममिती आणि संक्रमिता वेगळी काढता येत नाही. पडद्यावरच्या चाचणीआधी पत्ते दिले तर तेच शिकवण्याचं काम करतील, म्हणून क्रम बदलू नका.

११. निकाल वाचा

टक्केवारीआधी तक्ता भरा: डावीकडे नमुने, वर पर्याय, चौकटीत किती वेळा निवडलं. क–अ चाचणीत दोन सहभागींना प्रत्येकी १८ पैकी ६, म्हणजे ३३ टक्के मिळाले. पहिल्याचा तक्ता: क१ ला अ१, अ२, अ३ प्रत्येकी २ वेळा, क२, क३ लाही तसंच. हा अंदाजाने निवडतोय. दुसऱ्याचा तक्ता: क१ ला अ१ सहाही वेळा, क२ ला अ३ सहाही वेळा, क३ ला अ२ सहाही वेळा. याचे गट पक्के बनलेत, फक्त तुम्ही ठरवलेले नाहीत. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटात कुठेतरी अदलाबदल झाली आहे. ब२ आणि ब३ यांच्या पायाच्या फेऱ्या तपासा, आणि क२ व अ३ दिसायला सारखी तर नाहीत ना तेही. दोघांना एकाच रकान्यात 'नापास' लिहिणं म्हणजे हाती आलेली माहिती फेकून देणं.

वेळेची नोंदही बघा. शिकवलेल्या जोडीपेक्षा समतुल्यतेच्या पहिल्या काही फेऱ्यांना साधारणपणे जास्त वेळ लागतो आणि मग तो कमी होत जातो. पहिल्या फेरीपासून झटपट, एकाच वेगाने आणि चुकीची उत्तरं येत असतील तर सहभागीने चाचणी सोडून दिली आहे.

१२. गट बनला नाही तर कुठून सुरू करायचं

पुढचा क्रम सोडू नका.

पायाच्या फेऱ्या चाचणीतही ९० टक्क्यांच्या वर आहेत का? नसतील तर इथेच थांबा. फीडबॅकसह पाया पुन्हा घ्या, कमी करण्याच्या पायऱ्या पुन्हा चढा, मग चाचणी.

पाया पक्का पण सममिती नाही? नमुना म्हणून पाहिलेलं चिन्ह पर्यायाच्या जागी पाहण्याची सवय नसते. फीडबॅक न देता फक्त सममितीचा ब्लॉक द्या. तेवढ्याने नाही जमलं तर राखीव संचातल्या दुसऱ्या चिन्हांवर जोडी दोन्ही दिशांनी शिकवा आणि मग मूळ चिन्हांची चाचणी घ्या.

सममिती आहे पण संक्रमिता नाही? गटात एकापेक्षा जास्त सांधे असतील तर एका सांध्याच्या आणि दोन सांध्यांच्या फेऱ्यांचे आकडे वेगळे करा. सांधे वाढतील तसे गुण उतरत असतील तर संबंध हळूहळू जुळत आहेत. काही न बदलता पुन्हा एकदा चाचणी घ्या. उतार नसून सरसकट ३३ टक्के असतील तर टप्प्याटप्प्याच्या क्रमाकडे वळा.

यातली प्रत्येक दुरुस्ती नोंदवहीत तारखेसह लिहा आणि त्या सहभागीचा निकाल पहिल्या चाचणीवरच मोजा. दुरुस्तीनंतर आलेले गुण वेगळ्या स्तंभात जातात. आणि तोच सहभागी दुसऱ्या परिस्थितीत वापरायचा असेल तर चिन्हं पूर्णपणे नवी हवीत. तरीही एकदा गट बनवून झालेला सहभागी दुसऱ्या वेळी जास्त सहज बनवतो, म्हणून निम्म्या सहभागींना परिस्थितींचा क्रम उलटा द्या.